कोंडलेली ऊब

थंडी पडली की आमच्या कराडच्या लोकांना हुरडा आठवतो, वांग्याचं भरीत आठवतं. मला ओली भिंत आठवते.

पौषात सकाळी उठल्याबरोबर मी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडते. शेजारीण तिच्या दारातून ओरडते, "अहो काकू, गारठा आत घेताय की काय? या वयात छाती भरेल." मी म्हणते, "भरू दे." हात बगलेत घालून दहा मिनिटं उभी राहते, मग खिडक्या लावून घेते. ही सवय मला या गावात लागलेली नाही. ज्या गावात लागायला हवी होती तिथे मी ती लावून घेतली नाही.

नात जर्मनीहून फोन करते. जुई तिचं नाव. आता कॉलेजात आहे. परवा म्हणाली, "आजी, इथे काल श्ने पडला. सगळं पांढरं झालंय." मराठी बोलते, पण बर्फाला बर्फ म्हणत नाही. बोलता बोलता ती थांबली. फोनमध्ये फुस्स असा आवाज झाला, थोड्या वेळानं परत झाला, मग ती पुढे बोलायला लागली. तो आवाज तिच्या खिशातल्या दम्याच्या फवाऱ्याचा. हिवाळ्यात तो तिला रोज लागतो. चार वर्षांची होती तेव्हापासून लागतो. का लागतो, ते मला माहीत आहे. तिला जे सांगितलं गेलंय ते खोटं आहे.

दोन हजार आठ सालचा तो हिवाळा. माझा मुलगा शेखर न्युरेम्बर्गला इंजिनिअर होता. राहायचे ते शहराबाहेरच्या एका लहान गावात, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घराची मालकीण, फ्राऊ हुबर नावाची म्हातारी, एकटी. मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीन महिन्यांच्या व्हिसावर गेले. मी पोचले आणि दुसऱ्याच आठवड्यात शेखरचं काम गेलं. जगभर मंदी आली होती म्हणे. नवीन काम मिळालं नाही तर मार्चअखेर राहण्याचे कागद संपणार होते, मग चंबूगबाळं उचलून परत.

मी चौथी पास बाई. मंदी म्हणजे काय ते मला वर्तमानपत्रातून कळलं नाही, पण ती कशी काढायची ते मला येत होतं. माझा नवरा साखर कारखान्यात हंगामी कामगार होता. गाळप संपलं की पाच-सहा महिने घरी. ते महिने चूल कशी चालवायची, ते मी वीस वर्षं केलं होतं. मला त्याचा अभिमान होता. दुसरा कशाचा असणार?

शेखर काम शोधायला वोल्फ्सबुर्गला एका मित्राकडे जाऊन राहिला. तिथे मोटारींचा मोठा कारखाना आहे, तिथे ओळखीपाळखी होत्या. जाताना म्हणाला, "आई, घर तू बघ. उज्ज्वलाला काटकसर जमत नाही." हे तो तिच्यासमोरच म्हणाला. उज्ज्वला माझी सून, सांगलीची, एम.एस्सी. झालेली. ती भांडी विसळत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मग मी घर हातात घेतलं.

फ्रीज बंद केला. बाहेर गॅलरीत एवढा बर्फ असताना आत वीज जाळून गारठा कशाला करायचा? दूध, भाजी, भिजवलेली कडधान्यं, सगळं गॅलरीत ठेवलं. वर एक पातेलं पालथं घालायचं, म्हणजे कावळे येत नाहीत. तिकडचे कावळेसुद्धा कावळ्यासारखेच वागतात. राय नावाच्या तिकडच्या धान्याचं काळं पीठ स्वस्त मिळायचं. त्याची भाकरी होत नाही, हाताला डिंकासारखी चिकटते. थालीपीठ मात्र चांगलं होतं, कांदा जरा जास्त घालायचा. शिळे पाव मोडून त्याची फोडणी करायची. बटाट्याची सालं धुऊन, मीठ-तिखट लावून तव्यावर कुरकुरीत करायची. ती जुईला फार आवडत. रस्त्याकडेच्या झाडाखालचे अक्रोड तिनं आणि मी बर्फ पडायच्या आधीच वेचून ठेवले होते, ते तुर्की दुकानातल्या मसुरीबरोबर वाटून वडे करायचे. आंघोळ एक दिवसाआड, बादलीत पाणी घेऊन. ते आंघोळीचं पाणी फरशी पुसायला.

आणि खोल्या. तीन खोल्या होत्या. मी दोन खोल्यांचं हायत्सुंग, म्हणजे भिंतीतलं ते गरम पाण्याचं यंत्र, पार बंद केलं आणि सगळ्यांचा मुक्काम एका खोलीत आणला. तिथेच बसायचं, जेवायचं, झोपायचं. शिजवायचंही तिथेच, कोपऱ्यात ओटा होता. धुतलेले कपडे खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घालायचे. खिडक्यांच्या फटींतून वारं यायचं. जुन्या साड्या फाडून मी त्यांच्या वाती वळल्या आणि चाकूच्या टोकानं फटींत ठासून भरल्या. वरून दोन गोधड्या शिवून टांगल्या. चांगल्या जाड, चार पदरी. खोलीत ऊब धरली. बाहेर छपरांवर हातभर बर्फ, आत आम्ही तिघी साध्या कपड्यांत. मला वाटलं, आता मार्च काय, मे सुद्धा निघेल.

काचांवरून पाणी ओघळायचं. मी रोज सकाळी फडक्यानं पुसून ते पिळून टाकायची. हे पाणी कुठून येतं, असं माझ्या मनात आलं नाही.

अंथरूण रोज उचलायचं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं होतं. पडलेलं अंथरूण म्हणजे आजाऱ्याचं घर, असं ती म्हणायची. पण त्या घराची फरशी बर्फासारखी. म्हणून जुईची गादी दिवसभर तशीच ठेवायचे, बाहेरच्या भिंतीला लावून. तिच्यावर बसून ती चित्रं काढायची. जन्मभर अंथरूण उचललं आणि जिथे उचलायला हवं होतं तिथे उचललं नाही.

फ्राऊ हुबर माझ्याच वयाची असेल, सत्तरीच्या आसपासची. मला तिच्यात पहिल्या दिवसापासून गंमत वाटायची, कारण ती माझ्याइतकीच चिक्कू होती. भेटवस्तूंचे कागद इस्त्री करून ठेवायची. मेणबत्त्यांची बुडखी वितळवून नवी मेणबत्ती करायची. पावाचा चुरा बरणीत साठवायची. तिच्याकडेही एकच खोली गरम असायची. पण रोज सकाळी आणि रोज दुपारी, बाहेर कितीही बर्फ पडत असो, ही बाई घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची. उशी, पांघरूण खिडकीच्या कठड्यावर टाकायची. मग पाच-दहा मिनिटांनी बंद. मी वरून बघायची आणि उज्ज्वलाला म्हणायची, "बघ तुझी मालकीण. घर तापवते आणि बाहेर फेकते. चुरा साठवते आणि पोतं सांडते."

डिसेंबर लागला तसं ती एकदा वर आली. दारात उभी राहून तिनं नाक उडवलं. खिडकीशी गेली, काचेवरून बोट फिरवलं, ओलं बोट आम्हाला दाखवलं. मग हातवारे करून "लुफ्टेन, लुफ्टेन" असं दोन-तीनदा म्हणाली आणि गेली.

"काय म्हणाली गं?"

"हवा खेळू द्या म्हणाल्या. दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या उघडा म्हणाल्या."

"का? आपल्या फोडणीचा वास येतो का तिला?"

"तसं नाही म्हणाल्या त्या, आई."

"मग नाक कशाला उडवलं?"

आधीच्या घरात शेजाऱ्यांनी फोडणीच्या वासाची तक्रार केली होती, हे उज्ज्वलानंच मला सांगितलेलं होतं. तेव्हापासून ती कढीपत्ता टाकतानाही दाराकडे बघायची. मला त्याचा राग होता. आपण खातो ते लपवून का खायचं? त्या संध्याकाळी मी मुद्दाम लसूण ठेचून आमटीला सणसणीत फोडणी दिली. आणि खिडकीच्या वाती आणखी घट्ट ठासल्या.

दोन दिवसांनी उज्ज्वला म्हणाली, "आई, मला जर्मनच्या क्लासमध्येही सांगितलं होतं. इथली घरं कोंडली तर घाम धरतात."

"घाम माणसं धरतात."

"इथे भिंती धरतात."

"वीस वर्षं मी घर चालवलं, मला भिंतींचं शिकवू नकोस. शेखरनं घर मला बघायला सांगितलंय."

त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. आमच्यात शेवटचा शब्द तो झाला आणि तो माझा होता.

सहा डिसेंबरच्या आदल्या संध्याकाळी तिकडची मुलं दाराबाहेर बूट ठेवतात. सकाळी त्यात निकोलाउस नावाच्या म्हाताऱ्यानं ठेवलेला खाऊ सापडतो. जुईनं तिचा लाल बूट पुसून ठेवला. चॉकलेट आणायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी बुटात चार अक्रोड, एक संत्रं आणि गुळाची चिक्की ठेवली. कराडहून नेलेल्या गुळाचा शेवटचा खडा होता. सकाळी तिनं बूट पालथा केला, सगळं नीट बघितलं आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

उज्ज्वलाला हसू आलं. "म्हणते, निकोलाउस म्हातारा या वर्षी आजीच्या गावाहून आला वाटतं."

जुई माझ्याशी मराठीत बोलायची नाही. समजायचं सगळं, उत्तर जर्मनमध्ये. फक्त 'आजी' हा शब्द मराठी. चिक्की चावताना ती खोकली. मला वाटलं, शेंगदाण्याचं कूट घशात गेलं.

खोकला गेला नाही. मी ओवा भाजून त्याची पुरचुंडी छातीला शेकायची. हळदीचं दूध द्यायची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून तिला डोक्यावर पंचा घेऊन वाफ द्यायची, सकाळ-संध्याकाळ. त्या बंद खोलीत वाफेनं समोरचं दिसायचं नाही. शेवटी मी ते पातेलं झाकण न ठेवता तसंच मंद आचेवर ठेवायला लागले, म्हणजे खोलीभर ऊब राहील. जे जे केलं ते त्या भिंतीला खायला घातलं.

एकदा मी आंघोळीहून आले तर खोलीत गार वारा. उज्ज्वलानं एक गोधडी बाजूला करून, वाती उपसून खिडकी उघडली होती. मी धावत जाऊन खिडकी आपटली.

"पोरीला खोकला आहे आणि तू बर्फ आत घेतेस? आई आहेस का कोण आहेस?"

हे वाक्य मी म्हटलंय. जसंच्या तसं.

नाताळला शेखर तीन दिवस आला. तिकडे नाताळात सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, बर्फावर आपलीच पावलं दिसतात. चर्चची घंटा वाजली की तिचा आवाज बर्फात दबून यायचा. फ्राऊ हुबरनं बिस्किटांचा डबा वर पाठवला. रिकामा डबा परत करायची आपली रीत नाही, म्हणून मी त्यात शंकरपाळ्या भरून दिल्या. शेखर आत आला, स्वेटर काढून म्हणाला, "आई, काय ऊबदार ठेवलंयस घर! मित्राकडे नुसता काकडतोय मी." मी उज्ज्वलाकडे पाहिलं. ती जुईच्या नाकात थेंब घालत होती. ती शेखरला म्हणाली, "हिला डॉक्टरकडे न्यायला हवं." तो म्हणाला, "सर्दी आहे, जाईल. आई करतेय ना सगळं." दोन कामांच्या मुलाखती वाया गेल्या होत्या त्याच्या. त्याला त्या तीन दिवसांत वाईट काही ऐकायचं नव्हतं. गोधड्या बघून त्यानं विचारलंसुद्धा नाही.

जानेवारीत थंडी अशी पडली की गॅलरीतली दुधाची खोकी फुटली. पांढरा बर्फ आणि त्यावर पांढरं दूध गोठलेलं. एका सकाळी जुई गादीवर बसून होती. दोन्ही हात गुडघ्यावर टेकलेले, खांदे वर-खाली होत होते, गळ्याखाली खळगा पडत होता. मला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. ओठ जांभळट झाले होते.

उज्ज्वला अनवाणी जिना उतरून खाली गेली. फ्राऊ हुबरनं फोन केला. थोड्या वेळात केशरी कोट घातलेली दोन माणसं आली. एकानं जुईच्या तोंडावर नळी लावली. दुसऱ्यानं खोलीभर पाहिलं, सरळ माझ्या गोधडीला हात घातला, ती ओढून काढली आणि खिडकी उघडली. वाती खाली पडल्या. माझ्या साड्यांचे तुकडे. ते जुईला उचलून घेऊन गेले, उज्ज्वला बरोबर गेली.

घरात मी एकटी राहिले. मग फ्राऊ हुबर वर आली. ती गादीपाशी गेली आणि गुडघ्यावर बसून तिनं ती भिंतीपासून ओढली. भिंत कमरेइतकी काळी होती. काजळी धरावी तशी, पण लव असलेली. गादीची ती बाजूही काळी. जुईचं डोकं जिथे असायचं तिथे सगळ्यात दाट. फ्राऊ हुबरनं भिंतीवर तळवा टेकवला आणि उलटा करून मला दाखवला. ओला, काळा. तिला रागवायचं असेल तर मला भाषा कळत नव्हती. पण ती रागावली नाही. माझ्याकडे बघत राहिली. ते मला जास्त लागलं.

डॉक्टरांनी उज्ज्वलाला विचारलं होतं, घरात बुरशी आहे का. त्यानंच झालं असं ते ठाम म्हणाले नाहीत. दमा अंगात असतोही म्हणाले. पण त्या दिवसाआधी पोरीला दमा नव्हता, आणि त्या दिवसानंतर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शेखर आला. इस्पितळात जाऊन पोरगी श्वास घेते आहे हे बघून मग घरी आला. बरोबर उज्ज्वला. मी स्पिरिट लावून भिंत पुसत होते. फ्राऊ हुबर तिथेच होती. तिनं शेखरला काहीतरी विचारलं. मला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला, कारण तो एकच प्रश्न असू शकत होता. खिडक्या कुणी बंद केल्या?

शेखरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं.

उज्ज्वलानं स्वतःच्या छातीला हात लावला. "इश," म्हणाली. जर्मनमध्ये इश म्हणजे मी.

फ्राऊ हुबरनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली निघून गेली. तिला ठाऊक होतं. त्या दिवशी खिडकी आपटून मी ओरडले ते तिनं खालून ऐकलं असणार.

मग शेखर मराठीत सुटला. "शिकलेली बाई ना तू? एम.एस्सी.? क्लासला जातेस ना? एवढं साधं कळत नाही? चार पैसे वाचवायला पोरीचा जीव घेत होतीस?"

"चुकलं माझं."

"आणि या गोधड्या?"

"मीच आईंना शिवायला सांगितल्या."

माझ्या हातात फडकं होतं. भिंत माझ्यासमोर होती, त्या दोघांकडे पाठ होती. एवढंच म्हणायचं होतं की, शेखर, मी केलं. चौथी पास बाईलासुद्धा तीन शब्द बोलता येतात. मी भिंत पुसत राहिले.

शेखर परत इस्पितळात गेल्यावर उज्ज्वला दुसरं फडकं घेऊन माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघी पुसत होतो. स्पिरिटनं डोळे चुरचुरत होते.

"का घेतलंस अंगावर?" मी विचारलं.

"तुम्ही पंधरा दिवसांनी जाणार. तुमच्यावर चिडला तर परत कधी तुम्हाला बोलावणार नाही. फोनही करणार नाही, ओळखते मी त्याला. माझ्याशी बोलणं टाकून त्याला चालणार आहे का?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आणि मी काय वेगळी आहे? मला कळत होतं. तुम्हाला कळत नव्हतं. मी ऐकलं तुमचं."

"मी सांगते त्याला."

"आता नको. आता पोरगी घरी येऊ दे."

मी हो म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. लोक म्हणतात की अशा वेळी मनाला टोचणी लागते. टोचणी नंतर लागली. आधी सुटकाच वाटली.

फेब्रुवारीत मी परत आले. मार्चमध्ये शेखरला एर्लांगेनला काम मिळालं. ते नव्या घरात गेले, कोरड्या. मार्च निघाला होता. माझ्या काटकसरीनं नव्हे, एका मित्रानं शब्द टाकला म्हणून. मला तो दरवर्षी बोलावतो, मी एकदाच गेले. तिथे पाहिलं, जुई खोकली की शेखर उज्ज्वलाकडे एक नजर टाकतो. कधी पाहुण्यांसमोर म्हणतो, "आमच्या बाईसाहेबांची बचत आहे ही." पाहुणे हसतात. उज्ज्वला चहा आणायला उठते. जुईही लहानपणापासून तेच ऐकत आली. आईशी भांडण झालं की ती ते काढते. मी समोर बसून ऐकलंय.

सांगायचं ठरवून मी किती हिवाळे काढले. आधी म्हटलं, पोरगी लहान आहे. मग म्हटलं, शेखरचा रक्तदाब वाढलाय. मग म्हटलं, इतक्या वर्षांनी कशाला. प्रत्येक वर्षी कारण वेगळं होतं आणि भीती तीच होती.

परवा जुईच्या फवाऱ्याचा तो आवाज ऐकला आणि मी म्हटलं, "बाबाला दे फोन. स्पीकरवर ठेव. आईलाही बोलाव."

दोघंही फोनपाशी आले. मी एका दमात सांगितलं. खिडक्या मी बंद केल्या, वाती मी ठासल्या, उज्ज्वलानं उघडलेली खिडकी मी आपटली, तिला वाटेल ते बोलले. फ्राऊ हुबर सांगायला आली तर तिचंही ऐकलं नाही. उज्ज्वलानं खोटं सांगितलं ते मला वाचवायला.

मग शेखर हसला. मायेनं हसला.

"आई, अगं तू हे आत्ता कुठून काढलंस? उज्ज्वलानंच कबूल केलं होतं तेव्हा. तुझ्यासमोर. तुला काय कळत होतं तिथलं?"

"मला सगळं आठवतंय, शेखर. मीच केलं."

"बरं बरं. वय झालं की असं होतं, दुसऱ्याचं आपल्यावर घ्यावंसं वाटतं." मग त्याचा आवाज जरा भरून आल्यासारखा झाला. "सुनेसाठी एवढं करणारी सासू बघितली नाही मी. तुझं मन फार मोठं आहे, आई."

"आजी किती गोड आहे ना, मम्मा?" जुई म्हणाली.

उज्ज्वला तिथेच होती. तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.